सांग, भिंत कशी हाय

मुंजाजी सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी सेलूच्या बाजारात अस्तराचं कापड घेत होते. फोन आमच्या शाळेच्या शिपायाचा होता. तो एवढंच म्हणाला, "बाई, सर गेले सकाळी. वालूरला न्यायलेत." दुकानदारानं कापड मापून धरलं होतं. त्यानं माझ्याकडं पाहून विचारलं, फाडू का? मी हो म्हणाले. कापड फाटल्याचा तो सरळ आवाज झाला, मी पिशवी घेतली, बसस्थानकावर आले आणि वालूरची गाडी लागेपर्यंत बाकावर बसून राहिले. बातमी अनपेक्षित नव्हती. गेलं वर्षभर त्यांच्या किडन्या काम करत नव्हत्या, डायलिसिससाठी परभणीच्या खेपा चालू होत्या, आणि शेवटी शेवटी तर ते फोनवर बोलतानाही मध्येच थांबून दम घ्यायचे. तरी बाकावर बसल्यावर मला काय करावं ते कळेना. रडू आलं नाही. आमचं नातं रडण्याचं नव्हतं. सेलूतल्या एका व्यवसाय शिक्षण देणाऱ्या शाळेत ते गवंडीकाम शिकवायचे आणि मी शिवण. आमच्या दोन शेडच्या मध्ये पत्र्याचा एक आडोसा होता, आणि त्या पत्र्यातून एकमेकांचं शिकवणं ऐकत आम्ही बरीच वर्षं काढली.

हे लिहायला बसले त्याला एक कारण आहे. शाळेत शोकसभा झाली तेव्हा एक गृहस्थ उठून म्हणाले की सरांना दिसत नव्हतं, पण नुसता हात फिरवून ते भिंत सरळ आहे की नाही हे सांगायचे. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या सभेत मी काही बोलले नाही. पण ते खरं नाही, आणि सर तिथं असते तर त्यांनी त्या गृहस्थांना मधेच थांबवलं असतं. हात फिरवून वीट बाहेर आली की आत गेली एवढं कळतं. अख्खी भिंत हळूहळू एका बाजूला कलली असेल तर ते तळहाताला कळत नाही, त्याला डोळे लागतात. ही गोष्ट सरांना फार महागात पडून कळली होती. म्हणून जे झालं ते झालं तसं सांगते.

सर मूळचे वालूरचे. घरची कोरडवाहू जमीन धाकटा भाऊ करायचा. सर तरुणपणी गावातल्या गवंड्यांच्या टोळीबरोबर हैदराबादला गेले, तिथं एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली राहिले. त्याला ते शेवटपर्यंत 'उस्ताद' म्हणत. तिथूनच त्यांच्या बोलण्यात अदब, दिमाग, फुरसत हे शब्द जास्तीचे आले. आमच्याकडं ते तसेही असतातच, पण सरांच्या तोंडी ते जरा कडक इस्त्री केल्यासारखे यायचे. पुढं त्यांनी रीतसर प्रमाणपत्र मिळवलं आणि सेलूला शिक्षक म्हणून लागले. उंच माणूस, पांढरा शर्ट, आणि त्या शर्टावर सिमेंटचा ठिपकाही चालायचा नाही. स्वभावानं नम्र वगैरे मुळीच नव्हते. परभणी जिल्ह्यात आपल्यासारखी कमान बांधणारा दुसरा दाखवा, असं ते चहा पिताना सहज म्हणायचे, आणि कोणी हसलं तर रागवायचे. चिडले की पत्र्यापलीकडून आवाज यायचा आणि माझ्या वर्गातल्या मुली मशीनचा पाय थांबवून ऐकत बसायच्या.

त्यांच्याकडं येणारी बहुतेक मुलं शेतकऱ्यांची, थोडी मेंढ्या-शेळ्या पाळणाऱ्या घरातली. गवंडीकाम म्हणजे आल्या दिवशी थापी हातात घेऊन भिंत बांधायची, असं त्यांना वाटायचं. सर पहिले काही आठवडे थापीला हात लावू द्यायचे नाहीत. वाळू चाळायची, माल कालवायचा, विटा पाण्यात भिजत घालायच्या. वीट बादलीत सोडली की तिच्यातून बुडबुडे येतात, ते येणं थांबेपर्यंत शेजारी बसून राहायचं. "तहानलेली वीट मालातलं पानी पिऊन टाकती," ते सांगायचे, "मग तुमचा माल राख हुतो. पहिले तिची तहान भागवा, मग तिला काम सांगा." नंतर भिंती सुरू व्हायच्या, त्याही सिमेंटच्या नव्हेत, मातीच्या गाऱ्यातल्या. सकाळी बांधायची, दुपारी तपासायची, संध्याकाळी पाडायची आणि विटा खरवडून पुन्हा रचून ठेवायच्या. मुलांना ते पाडणं जिवावर यायचं. काहीजण पाडण्याआधी मोबाईलवर फोटो काढून घ्यायचे, त्याला सरांची मनाई नव्हती. एकदा एका मुलाचे वडील पिकाचं काम सोडून बघायला आले, पोरानं दोन महिन्यांत काय बांधलं म्हणून. सरांनी त्यांना विटांचा ढीग दाखवला. म्हणाले, हे बघा, ह्याच विटांच्या भिंती तुमच्या पोरानं रोज बांधल्यात. वडिलांनी त्यातली एक वीट उलटीपालटी करून बघितली, परत ढिगावर ठेवली आणि गेले. पुढं त्यांनी मुलाला काढून नेलं नाही, एवढं खरं.

सरांच्या डोळ्यांचं माझ्या ध्यानात आलं ते एका साध्या प्रसंगातून. एका सकाळी ते ओळंबा घेऊन माझ्या शेडमध्ये आले. ओळंबा म्हणजे दोरीला टांगलेलं लोखंडी वजन, भिंत उभ्या रेषेत आहे की नाही ते त्यानं बघतात. त्याची दोरी तुटली होती आणि नवी दोरी वरच्या भोकातून ओवायची होती. "बाई, तुमचा हात सुईचा हाय," म्हणाले, "जरा ओवून द्या." मी ओवून दिली. ते भोक चांगलं करंगळीच्या नखाएवढं होतं. सर परत गेल्यावर मी ते भोक आठवत राहिले... मग आठवलं की हल्ली ते चहाचा कप ठेवताना आधी टेबलावर हात फिरवतात, आणि पोरांना नावानं हाक मारण्याआधी त्यांनी बोलायची वाट बघतात. मी सरळ विचारलं. त्यांनी चिडून नाही, पण विषय संपवण्याच्या सुरात सांगितलं की शुगरमुळं एका डोळ्याच्या पडद्यावर रक्त उतरलंय, लेझर चालू आहे, दुसरा चांगला आहे. मी ते खरं मानलं. दुसरा डोळाही त्याच वाटेवर होता हे त्यांच्या पत्नी सिंधूवहिनींशिवाय कोणाला माहीत नव्हतं.

त्याच सुमारास पत्र्यापलीकडून एक नवंच वाक्य ऐकू यायला लागलं. सर प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचे, भिंतीपासून लांब, आणि बांधणाऱ्याला म्हणायचे, "सांग, भिंत कशी हाय." पोरं म्हणायची, चांगली हाय सर. "चांगली म्हंजे? सोयरीक जमवायलास का?" मग पोरं गडबडायची. माझ्या मुली पलीकडं हसायच्या. पण हळूहळू बोलणं बदलत गेलं. 'चांगली हाय' मागं पडलं. तिसऱ्या थरात डावीकडून दुसरी वीट बाहेर आलीय. दोन विटांमधली दरज खाली बारीक हाय, वर जाड झालीय. कोपऱ्यात वरचा सांधा खालच्या सांध्यावर आलाय, तिथं अर्ध्या विटेचा अद्धा लावायचा राहिला... असं पोरं सांगायला लागली. सांगता सांगता ज्याची चूक त्यालाच दिसायची आणि तो मधेच गप्प व्हायचा. त्या गप्प होण्याची सर वाट बघत असायचे. बोलून दाखवायचं म्हटलं की नीट बघावं लागतं, हे मी त्या पत्र्याअलीकडं बसून शिकले आणि माझ्या मुलींनाही शिलाई बोलून दाखवायला लावली. पद्धत चांगली होती, त्यात वाद नाही. ती सरांना का सुचली, ते तेव्हा मला पुरतं कळलं नव्हतं.

ह्या बोलण्यात सगळ्यांत तयार झाली ती रेणुका. ती पालमकडची, मेंढरं पाळणाऱ्या घरातली, सेलूत आत्याकडं राहायची. आईबरोबर बांधकामावर घमेली उचलत मोठी झालेली, आणि घमेलं नको थापी पाहिजे म्हणून आलेली. गवंडीकामात ती एकटीच मुलगी. सरांनी सुरुवातीला तिला माझ्याकडं शिवणाला पाठवायचा प्रयत्न केला. मी तिला मशीन दाखवलं. तिनं ते अदबीनं पाहिलं आणि परत गेली. मग सरांनी तिला घेतलं आणि एकदा घेतल्यावर वेगळं वागवलं नाही, तितकंच ओरडायचे. तिची नजर तीक्ष्ण होती. लांब माळावर पसरलेल्या कळपात एखादं जनावर लंगडतंय हे ओळखायची सवय असेल. दुसऱ्याच्या भिंतीतलीही बारीक चूक ती सांगायची, त्यामुळं मुलांना ती आवडायची नाही. सर मात्र होता होता सगळ्या भिंती तिलाच विचारायला लागले. इतर मुलांनी काही सांगितलं तरी शेवटी म्हणायचे, रेणुका, तू बघ गं जरा.

त्या वर्षाच्या शेवटी शाळेनं ठरवलं की आवारात पाण्याच्या टाकीसाठी ओटा बांधायचा आणि तो मुलांनीच बांधायचा. दोन बाजूंना विटांच्या भिंती, वर फरशी, फरशीवर टाकी. पहिल्यांदाच सिमेंटचा माल, पहिल्यांदाच न पाडायची भिंत. मुलांचा उत्साह मोठा होता. एक बाजू मुलांच्या गटाकडं होती. दुसऱ्या बाजूवर रेणुकाबरोबर काम करायला कोणी तयार होईना, तेव्हा ती म्हणाली, मी एकटी बांधते. मधे घरून निरोप आला, मेंढरं दुसऱ्या गावाला हलवायची होती, ती पालमकडं गेली आणि काही दिवस अडकली. परत आली तेव्हा मुलांची बाजू छातीपर्यंत आली होती आणि तिची गुडघ्याएवढी होती. तिनं एका दिवसात ती वर नेली. ओल्या मालावर एका दिवसात एवढे थर चढवायचे नसतात, हे तिला ठाऊक होतं. सकाळी ती सगळ्यांच्या आधी आली, ओळंबा सोडला, आणि भिंत बाहेरच्या अंगाला कलल्याचं तिला दिसलं. माल घट्ट झाला होता. मातीची भिंत असती तर कोणी यायच्या आत तिनं ती पाडून पुन्हा बांधली असती.

सर आले, खुर्ची मागवली, नेहमीचा प्रश्न विचारला. मी त्या दिवशी माझ्या शेडच्या दारात उभी होते, मुलींना टाकी कुठं बसणार ते बघायचं होतं म्हणून. रेणुकानं थराथरानं सांगितलं, दरजा सांगितल्या, कोपरा सांगितला. सरांनी विचारलं, ओळंबा? ती म्हणाली, "बराबर हाय सर." आवाजात काही फरक नव्हता. निदान मला तरी जाणवला नाही. सर उठले, भिंतीवरून वरपासून खालपर्यंत तळहात फिरवला. विटा एकसारख्या बसल्या होत्या, हाताला काही लागलं नाही. पास, म्हणाले. दुसऱ्या दिवशी गिलावा झाला. गिलाव्यात रेणुकानं खाली जाड आणि वर पातळ थर देऊन तो कल झाकून टाकला, इतक्या सफाईनं की येणाऱ्या-जाणाऱ्यालाही तो दिसला नाही. टाकी बसली, नळ लागला, पाणी सुरू झालं.

काही आठवडे सगळं ठीक होतं. मग एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, टाकी काठोकाठ भरलेली असताना रेणुकाच्या बाजूची भिंत बाहेर सरकली. फरशी घसरली आणि टाकी आडवी झाली. माझ्या वर्गातली मंगल डबा धुवायला तिथं गेली होती. तिला बाजूला व्हायला वेळ मिळाला, पण पाय निघाला नाही. आम्ही फरशी उचलली तेव्हा ती ओरडत नव्हती, नुसती घामाघूम होऊन आपल्या पायाकडं पाहत होती. हाड मोडलं होतं. पुढं ते जुळलं, आता ती नीट चालते, पण थंडीत पाय दुखतो म्हणते.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी आम्हाला बोलावलं. मंगल माझी विद्यार्थिनी, म्हणून मीही होते. प्राचार्य शांत स्वभावाचे, त्यांना कोणाला अडकवायचं नव्हतं. ते म्हणाले, सिमेंटच हलकं आलं असेल, पोती बघून घेऊ. एवढ्यावर गोष्ट मिटली असती. खोलीतल्या सगळ्यांनाच ती तशी मिटायला हवी होती असं मला वाटतं. सर उभेच होते. म्हणाले, "माल चांगला व्हता साहेब. भिंत ओळंब्यात नव्हती. अन् ते बगायचं काम माझं." मग म्हणाले, "मला ओळंबा दिसत न्हाई. लय दिवस झाले. हातावर अन् पोरांच्या डोळ्यावर चालवायलो." प्राचार्यांनी काही वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवला. मग विचारलं, ती बाजू कोणी बांधली होती? सर म्हणाले, "पोरांनी बांधली. तपासली मी." प्राचार्यांनी पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. त्याच दिवशी ते थापी, काटकोन बघायचा गुण्या, ओळंबा सगळं शाळेच्या कपाटात ठेवून वालूरला निघून गेले. जाताना गेटाशी त्यांचा पाय अडखळला. तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं की त्या माणसाला समोरचं गेटसुद्धा दिसत नव्हतं.

त्यानंतर काही दिवसांनी रेणुका माझ्या शेडमध्ये आली. मुली जाईपर्यंत ती मशीनपाशी उभी राहिली. मग म्हणाली, बाई, मला दिसलं व्हतं. एवढ्या तीन शब्दांत मला सगळं समजलं.  तिला सरांकडं जायचं होतं आणि एकटीनं जायची भीती वाटत होती. रविवारी सकाळच्या एसटीनं आम्ही दोघी वालूरला गेलो. सर घरापुढच्या ओट्यावर बसले होते, पांढऱ्या शर्टात. वहिनींनी आम्हाला पाणी दिलं आणि त्या आत गेल्या. रेणुका बसली नाही.

"सर," ती म्हणाली, "ओळंबा भिंतीपासून सुटला व्हता. मी बराबर हाय म्हनले."

सरांनी तिच्या आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. मग विचारलं, "कामून?"

"पोरं म्हनली असती, पोरीची भिंत वाकडी. पाडावी लागली असती, सगळ्यांसमोर."

"मंगलला भेटलीस?"

"न्हाई सर."

"पहिले तिथं जायचं व्हतं. मग हितं."

ती रडायला लागली. सरांनी तिला थांबवलं नाही आणि समजावलंही नाही. तिचं रडणं कमी झाल्यावर ते म्हणाले, "हे बघ. तू खोटं बोललीस, ते तुझं. मी दुसऱ्याच्या डोळ्यानं भिंत पास केली, ते माझं. तुझं मी घेणार न्हाई, माझं तू घेऊ नको. आता बस अन् पहिल्या थरापासून सांग."

आणि तिनं सांगितलं. मला वाटलं होतं ती दोन वाक्यांत आटपेल. पण सर विचारत गेले. माल किती पातळ होता, दोरीची खुंटी कुठं ठोकली होती, विटा भिजवल्या होत्या की घाईत नुसत्या पाण्यातून काढल्या होत्या, दुपारी ऊन कुठल्या अंगाला होतं. ती सुरुवातीला अडखळत होती, मग तिचा आवाज हळूहळू नेहमीसारखा झाला. पडून गेलेली ती भिंत तिनं आमच्यासमोर पुन्हा एकदा थराथरानं उभी केली. ह्या खेपेला खरी, कललेली. कुठल्या थरापासून कल सुरू झाला, तिथं आपण काय पाहिलं आणि पुढं कामून गेलो, हेसुद्धा तिनं सांगितलं. सर डोळे मिटून ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "गिलावा करायच्या आधीच पडली व्हती ती. आपल्याला उशिरा कळलं." आपल्याला, असं म्हणाले. मग वहिनी चहा घेऊन आल्या आणि पाऊस, कापूस अशा गोष्टी निघाल्या.

त्याच दिवशी परत आल्यावर रेणुका मंगलच्या घरी गेली. मी गल्लीच्या तोंडापर्यंत तिच्याबरोबर होते. मंगलची आई तिला पुष्कळ बोलली, आवाज माझ्यापर्यंत येत होता. रेणुका खाली मान घालून ऐकत उभी राहिली आणि आई दमल्यावर आत जाऊन मंगलपाशी बसली. सोमवारी तिनं प्राचार्यांनाही सांगितलं. त्यांनी तिला काढलं नाही. उरलेला ओटा तिनं स्वतः उतरवायचा आणि नव्यानं बांधायचा, असं ठरलं. नवीन आलेल्या शिक्षकांच्या देखरेखीखाली तिनं तो बांधला. ह्या वेळी मुलांच्या गटातले दोघेजण आपणहून तिच्या बाजूला आले. तो ओटा अजून उभा आहे. त्यावर मोठी टाकी बसवली आहे.

सर त्या वर्षी परतले नाहीत. नवे शिक्षक जिंतूरकडचे, तरुण आणि हुशार, पण दोन-दोन तुकड्या सांभाळताना त्यांना सुरुवातीच्या मुलांसाठी वेळ पुरेना. पुढच्या वर्षी त्यांनी आणि रेणुकानं मिळून प्राचार्यांना विनंती केली की पहिल्या आठवड्यांपुरतं सरांना बोलवावं. प्राचार्य वालूरला गेले. सरांनी अट घातली की माप आणि ओळंबा ह्यांना मी हात लावणार नाही, आणि खऱ्या भिंतीजवळ मला उभं करायचं नाही. मग ते यायला लागले, आठवड्यातून काही सकाळी. वालूरला वहिनी त्यांना एसटीत बसवायच्या, सेलूला आमचा शिपाई उतरवून घ्यायचा. वाळू चाळणं, वीट भिजवणं, गारा कालवणं, आणि मातीची भिंत बोलून दाखवणं, एवढंच ते शिकवायचे. नव्या तुकडीला पहिल्या दिवशी ते एक गोष्ट सांगायचे, आणि ती दर वर्षी पत्र्यापलीकडून मी ऐकली आहे. "मला दिसत न्हाई. एकदा मी दिसतंय असं दाखवलं अन् एका पोरीचा पाय मोडला. तवा तुमी मला खोटं सांगू नका. मी बी तुमाला सांगणार न्हाई." रेणुकाचं नाव त्यात कधी आलं नाही.

ह्या काळात ते आधीपेक्षा शांत झाले होते असं लोक म्हणतात. मला तसं वाटलं नाही. चिडायचे तेवढेच, कमानीची बढाईही तशीच मारायचे. शर्ट आता वहिनी निवडायच्या, पण डाग पडलाय का, हे ते येता-जाता मला विचारून घ्यायचे. फरक एवढाच होता की एखाद्या गोष्टीबद्दल माहीत नसेल तर 'मला ठाऊक न्हाई' असं ते पटकन म्हणून टाकायचे. पूर्वी ते वाक्य त्यांच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं. मग किडन्यांचं दुखणं आलं आणि येणं बंद झालं. शेवटची भेट परभणीच्या दवाखान्यात. हाताला नळ्या लावलेल्या होत्या. मी मुलांची, शाळेची खबर सांगितली. त्यांनी विचारलं, ह्या वर्षी किती पोरी आल्या? मी सांगितलं, गवंडीकामाला चार. ते म्हणाले, "त्यांना बाजूला येगळं उभं करू नका म्हनावं. पोरांसंग जोड्या लावा. न्हाईतर एकटीवर भिंत येती." नंतर त्यांना झोप लागली.

अंत्यविधीला जिल्हाभरातून त्यांनी शिकवलेली मुलं आली होती. बहुतेक आता मिस्त्री झालेली, काही ठेकेदार. रेणुका परभणीहून आली, तिथं ती आणि पालमकडच्या आणखी दोघी-तिघी मिळून घरं बांधायची कामं घेतात. कामावरूनच निघाली होती, ओढणीच्या टोकाला सिमेंट वाळलेलं होतं. मंगलही आली होती. त्या दोघी वहिनींच्या दोन बाजूंना बसल्या होत्या.  बायकांच्या रडण्यात त्या दोघींचं रडणं कुठलं, ते मला वेगळं ओळखता आलं नाही.

परवा मी वहिनींना भेटायला पुन्हा वालूरला गेले. दुपार होती. स्वयंपाकघरात बसून आम्ही इकडचं तिकडचं बोललो. दिराची सून बाळंतपणाला माहेरी गेलीय, सोयाबीन निघालंय, असं. चहा कपांत ओतल्यावर वहिनी म्हणाल्या, चला, पुढच्या खोलीत बसू, तिथं वारा येतो. त्या खोलीत सरांची खाट आहे, अजून हलवलेली नाही. वहिनी दोन कप घेऊन पुढं, मी मागं. उंबऱ्याशी त्या थांबल्या आणि नेहमीच्या, साध्या आवाजात आत बघून म्हणाल्या, "मी हाय. चहा आणलाय. बाई बी हायत संग."

मग सर आतून द्यायचे त्या हुंकाराची वाट बघत त्या तशाच उभ्या राहिल्या... कपातला चहा जराही हिंदकळला नाही. मी मागं उभी होते. थोड्या वेळानं त्या आत गेल्या.